अमरावतीत काय पाहायचं?

आमच्या नात्यागोत्यात कुणालाही अमरावतीला यायचं असलं की माझा फोन वाजतो. नणंदेच्या मुलीची मैत्रीण, भाच्याचा साहेब, कुणाच्या तरी व्याह्यांचे शेजारी. "काकू, दोन दिवस आहोत, काय काय पाहता येईल?" माझा नंबर कुणी कुणाला दिला याचा तपास करणं मी केव्हाच सोडून दिलं. चाळीस वर्षं झाली मला या गावात नांदून, आणि तेवढीच वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे. पूर्वी तो पोस्टकार्डावर यायचा, आता कुकरची तिसरी शिट्टी होत असताना येतो.

उत्तर पाठ झालं आहे. मार्च ते जून येऊच नका. आलातच तर अकरा ते पाच घराबाहेर पडू नका. टोपीवर विसंबू नका, डोक्याकानाला दुपट्टा गुंडाळा. अंबादेवीला सकाळी सातच्या आत जा, शेजारीच एकवीरा आहे, एकदा चपला काढल्या की दोन्ही दर्शनं होतात. गिला वडा खा, पण दही आंबट नाही ना ते आधी विचारा. वडाळीच्या तळ्यावर संध्याकाळी जा, आणि तेही पाणी असेल तर. एवढं सांगून झालं की माझं शेवटचं वाक्य ठरलेलं: "तसं गावात पाहण्यासारखं काही नाही हो. गाडी करा आणि सरळ चिखलदऱ्याला जा."

हे वाक्य मी कुठे शिकले ते मला नीट आठवतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा यांचा एक आतेभाऊ पुण्याहून आला होता. यांनी हौसेनं त्याला सगळं गाव पायी दाखवलं. जुन्या गावाभोवतीच्या परकोटाची भिंत, तिचे दरवाजे, भिंतीतल्या त्या छोट्या खिडक्या, ज्यांतून वाकून पलीकडे जावं लागतं, देऊळ, बाजार. मीही पदर सावरत मागे मागे होते. फिरून घरी आल्यावर तो पाणी पिता पिता म्हणाला, "झालं? छोटंसं आहे, नाही?" वाईट मनानं नाही म्हणाला तो. पण मला असं झालं की मीच काहीतरी कमी वाढलं पानात. त्यानंतर दुसऱ्यानं नाक मुरडायच्या आत आपणच मुरडून मोकळं व्हायचं, ही सवय लागली.

सवय माझ्या एकटीची आहे असंही नाही. वऱ्हाडात कुणालाही विचारा, आग्रह करकरून तुम्हाला पोट फुटेस्तोवर जेवू घालेल आणि गावाचा विषय निघाला की म्हणेल, "काई नाई जी इथं." माझं माहेर अकोल्याचं, भाजीचे मळे करणाऱ्यांचं. तिथेही तेच.

पाहुण्यांना फिरवायचं काम पूर्वी यांचं होतं. सहा वर्षांपूर्वी यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, आणि तो कळेपर्यंत उशीर झाला होता. आता फक्त उजेड आणि सावली एवढंच कळतं. घरात मी स्टूल जरा सरकवलं तरी पाय ठेचतो. पण परकोटाच्या आतल्या गल्ल्यांत हे एकटे फिरतात. कुठे उंबरा आहे, कुठे नालीवरचा दगड हलतो, कुठे वळलं की उदबत्तीचा वास येतो, सगळं पायांना ठाऊक आहे. लेकीनं दोन वर्षांपूर्वी आम्हाला पुण्याला नेलं होतं. अकराव्या मजल्यावर घर, सगळं चकचकीत. हे महिनाभर एका खुर्चीत बसून राहिले. न्हाणीघर कुठे, हे प्रत्येक वेळी विचारायचे. एक दिवस सकाळी हळूच मला म्हणाले, "मले घरी ने." तो विषय तिथेच संपला. यांना इथून हलवणं जमणार नव्हतं, म्हणजे आम्ही पुण्याला जाणार नव्हतो. लेकच इकडे आली तर आली, नाही तर जे होईल ते आपलं आपण निभवायचं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. लेकीच्या गळ्यात आपलं म्हातारपण कशाला बांधायचं, असं वाटायचं.

एप्रिलमध्ये तिचाच फोन आला. इथल्या एका कॉलेजात शिकवण्याच्या जागेवर तिची निवड झाली होती. जावई घरी बसूनच कंपनीचं काम करतात, ते कुठूनही करता येतं. मेअखेर होकार-नकार कळवायचा होता. "आम्ही दोघं तीन दिवस येतो, बघतो, आणि मग ठरवतो," ती म्हणाली. फोन ठेवून मी आधी गॅस बंद केला. यांना सांगितलं. हे उठून चाचपडत मागच्या खोलीत गेले आणि तिथला कूलर लावून पाहिला. मग कूलरवाल्याला फोन करून म्हणाले, "उद्याच ये, वाळा बदलून दे, पोरगी येऊन राहिली."

मे महिना म्हणजे आमच्याकडे बायकांचा जीव मेटाकुटीला येतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे. पहाटे उठून पाणी भरा, ऊन चढायच्या आत कुरड्या घाला, दुपारी कूलरच्या टाक्या भरा. त्यात मी घर घासूनपुसून काढलं, गाद्यांना ऊन दाखवलं. ती दोघं सकाळी आली तेव्हा माझी कंबर गेलेली होती.

जावई कोल्हापूरकडचे, शांत माणूस. चहाचा पहिला घोट घेऊन त्यांनी विचारलं, "आई, इथे बघण्यासारखं काय काय आहे?"

माझे हात कणकेत होते. तोंडातून निघून गेलं, "काही नाही हो इथं पाहण्यासारखं."

हा प्रश्न त्या इतर प्रश्नांसारखा नव्हता. इथं येऊन राहू का, असं हा माणूस विचारत होता. मी मात्र दोन दिवसांच्या प्रवाशाला द्यायचं उत्तर त्याला दिलं. दाराशी बसलेल्या यांनी मान वळवून माझ्या दिशेला तोंड केलं. ते मी पाहिलं, आणि तरी पुढचंही बोलून गेले: आज माझ्या माहेरी अकोल्याला जाऊन या, उद्या चिखलदरा करा, घरात बसून काय करणार या उन्हात.

अकोल्याला मी सोबत गेले. भावानं दारातच सांगून टाकलं, "पायासारखं तं काई नाई जवाईबापू, ते तुमच्या पुण्यात. पातूरची लेणी आहे तेवढी, चाला." भर बारा वाजता त्यानं त्यांना पातूरला नेलं. जावई परत आले तेव्हा चेहरा लालबुंद, आणि पन्ह्याचे तीन पेले एका दमात प्यायले. येताना गाडी असदगडाच्या बुरुजाजवळून गेली. लहानपणी माझे वडील, बापू, भाजीची गाडी विकून आले की संध्याकाळी मला त्या बुरुजावर न्यायचे, आणि आम्ही मोर्णा नदीकडे तोंड करून शेंगा खायचो. हे सांगावं असं मनात आलं होतं. पण डोकं दुखत होतं, मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती दोघं पहाटे चिखलदऱ्याला गेली. खरं सांगायचं तर गाडी वळली आणि मला हायसं वाटलं. मी दुपारी कूलरसमोर आडवी झाले ती चारलाच उठले. ती दोघं रात्री आली. मे महिन्यात तिथे धबधबा म्हणजे नुसता काळा खडक, पण जावई चांगलं होतं म्हणाले. लेक हातपाय धुऊन तडक झोपायला गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडी होती. सकाळी सहाला हे नेहमीसारखे काठी घेऊन निघाले, मी पिशवी घेतली. जावई जागे होते. "मी येऊ का?" म्हणाले.

घराबाहेर पडलो आणि जावई मागे पडले. घरात भिंत धरून चालणारा सासरा गल्लीत एवढ्या झपाझप चालेल, असं त्यांना वाटलं नसावं. कोपऱ्यावरचा शिंपी कुलूप उघडता उघडता म्हणाला, "राम राम काका, आज कोन सोबत?" यांनी न थांबता सांगितलं, "जवाई आहे माहा." पुढं भिंतीतल्या एका खिडकीतून हे बरोबर वाकून पलीकडे गेले. जावयांचं कपाळ मात्र कमानीला लागलं, आणि हे पलीकडून हसले. किती दिवसांनी हसले होते. अंबादेवीपाशी फुलवालीनं यांच्या हातात शेवंतीचा हार दिला आणि स्वतःची चौपई सरकवली. हे तिथं बसतात, मी बाजार करून येते, रोजचंच आहे. जावई माझ्याबरोबर इतवाऱ्याच्या बाजारात आले. गवार, सांभार म्हणजे आमची कोथिंबीर, लिंबं. एक बाई त्यांना म्हणाली, "पुन्याचे का जी? मंग हे घ्या," आणि बोराएवढ्या गोल मिरच्या मूठभर पिशवीत टाकल्या. त्यांनी पैसे काढले तर तिनं हात मागे घेतला.

परत येताना यांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन जावई चालत होते. दाराशी आल्यावर यांना आत सोडून ते माझ्यापाशी थांबले.

"आई, हे पहिल्या दिवशी का नाही दाखवलंत?"

मी म्हटलं, "हे काय दाखवायचं असतं?"

त्यांनी चपला काढून भिंतीशी लावल्या. मग म्हणाले, "काल चिखलदऱ्याला एका ठिकाणी रेंज आली. तिनं तिथूनच कॉलेजला नाही म्हणून कळवून टाकलं."

लेक आत केस विंचरत होती. मी पिशवी हातातच ठेवून विचारलं, "काऊन नाई म्हनलं तू?"

तिनं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "आई, तूच तं सांगत आली ना लहानपनापासून. इथं काई नाई, शिक आन् निघ. मी निघाली." मग कंगवा खाली ठेवला. "आन् परवा आलो तं आल्या आल्या तू आमाले बाहेर धाडून राहिली. आज इकडं, उद्या तिकडं. मले वाटलं, तू थकली. तीन दिवसांत आमी तुले जड होऊन राहिलो, रोजचे आलो तं कसं होईन."

थकले होते, हे खोटं नव्हतं. ते तिला बरोबर दिसलं होतं. पण ती यावी म्हणून मी एप्रिलपासून देवीला रोज दिवा लावत होते, हे तिला कुठून दिसणार? मी तेव्हा पहिल्यांदा ते सगळं बोलले. पुणं, खुर्ची, यांचे डोळे, माझी कंबर, दिवा. ती रडली. मग दहाला कॉलेज उघडल्या उघडल्या तिनं तिथे फोन लावला, अंगणात उभं राहून, भर उन्हात. पाचेक मिनिटांत आत आली. यादीतल्या पुढच्या माणसाला त्यांनी आदल्या संध्याकाळीच कळवलं होतं आणि तो हो म्हणाला होता.

हे खाटेवर बसून सगळं ऐकत होते. "असू दे, बाप्पा," एवढंच म्हणाले, आणि हार सोडून फुलं ताटलीत ठेवू लागले.

दुपारी मी सांभारवडी केली. कुणी फार खाल्ली नाही, उरलेली डब्यात भरून दिली.

साडेपाचला ऑटो आला. ऑटोवाला मधल्या वयाचा, बोलका. बॅगा मागं टाकता टाकता त्यानं जावयांना विचारलं, "पुन्याचे पाव्हने का? मंग काय पायलं आमच्या अमरावतीत?" जावई तोंड उघडणार तोच त्यानं स्वतःच उत्तर देऊन टाकलं, "आहेच काय म्हना पायासारखं. काई नाई जी इथं."

जावई माझ्याकडे पाहू लागले. लेकही पाहू लागली. त्या माणसाचा काही एक दोष नव्हता, पण मला असा राग आला की मी त्याला म्हटलं, "तुमाले कोनी इचारलं?" त्या बिचाऱ्यानं ऑटो सुरू केला.

वळणावरून आवाज येईनासा झाल्यावर यांनी विचारलं, "त्याच्यावर कायले वरडली?"

मी दाराची कडी लावून घेतली. तो म्हणाला नसता, तर ते मीच म्हटलं असतं.