किन्हवलीपुढची भाकरी

माझ्या मुलीला पाचवा महिना लागला होता. आधीच्या दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळे पाचवा लागला याचा आनंद व्हायच्या ऐवजी मला धडकीच भरली. डॉक्टरांनी तिला तिकडे पुण्यात अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं आणि इकडे डोंबिवलीत माझी झोप उडाली होती. मग मी संकल्प केला. चाळीस दिवस रोज सकाळी स्नान करून दत्तमहाराजांच्या पोथीतला एक अध्याय वाचायचा आणि तो पूर्ण होईपर्यंत अन्नाचा कण तोंडात घ्यायचा नाही. एकही दिवस चुकवायचा नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज एक खूण करत होते. सव्वीस खुणा झाल्या होत्या. त्या खुणांकडे बघून मला धीर यायचा, असं मी तेव्हा म्हणत असे. खरं सांगायचं तर धीर येत नव्हता. एखादी खूण राहिली तर काय होईल, याची भीतीच रोज वाढत होती.

शेवटी मुलगीच वैतागली. फोनवर म्हणाली, "आई, दिवसातून चार वेळा तू विचारतेस, पोटात दुखत नाही ना? तू विचारलंस की मला दुखायला लागतं. जा ना गं कुठेतरी चार दिवस!" ते माझी मैत्रीण कल्पना शेजारी बसून ऐकत होती. कल्पना आणि मी बावीस वर्षं एका ऑफिसात शेजारी शेजारी बसलो आहोत. तिचं माहेर मुरबाड तालुक्यात, धसईच्या अलीकडे. पन्नाशी उलटल्यावर तिला सायकलीचं वेड लागलं आणि तेव्हापासून ती दिसेल त्याला सायकलीवर बसवायच्या मागे असते. तिने लगेच बेत जाहीर केला. आसनगावला उतरायचं, तिचा दादा टेम्पोतून दोन सायकली आणील, मग शहापूर मागे टाकून किन्हवलीवरून आरामात तिच्या गावी. दोन दिवस रानात भटकायचं, बंधाऱ्यावर पाय सोडून बसायचं, म्हसा गावची जत्रा भरली होती ती बघायची. मी कॉलेजनंतर सायकलीला हात लावलेला नव्हता. "किती लांब आहे?" असं विचारलं तर म्हणाली, "जवळच. आणि सगळा उतारच आहे."

कल्पनाच्या या "जवळच"वर मी विश्वास ठेवला, ही त्या दिवसातली माझी पहिली चूक.

दुसरी चूक आसनगावला झाली. पहाटे स्नान करून निघाले होते, पोथी लाल फडक्यात बांधून बॅगेत होती. स्टेशनाबाहेर एखाद्या स्वच्छ ओट्यावर बसून अध्याय वाचायचा आणि मग नाश्ता करायचा, असं ठरवलं होतं. मला साखरेचा त्रास आहे, नाश्त्याआधीची गोळीही मी सवयीने घरीच पाण्याबरोबर घेतली होती. दादा सायकली उतरवत होते तेवढ्यात मी हातपाय धुवायला गेले. परत येऊन बघते तर टेम्पो नाही, दादा नाहीत आणि माझी बॅग नाही.

"तुला ओझं नको म्हणून मीच टाकली आत," कल्पना हेल्मेटचा पट्टा लावत खुशीत म्हणाली.

"अगं, पोथी होती त्यात! मी अजून वाचली नाहीये!"

तिचा चेहरा उतरला. दादांना फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग ती म्हणाली, "मोबाईलवर काढ ना. हल्ली सगळ्या पोथ्या असतात मोबाईलवर." मी अशी काही भडकले की रिक्षावाले वळून बघायला लागले. संकल्प म्हणजे काय, पोथीचं पावित्र्य म्हणजे काय, दुसऱ्याच्या बॅगेला न विचारता हात लावणं म्हणजे काय, यावर मी भर रस्त्यात व्याख्यान दिलं. कल्पना एवढंच म्हणाली, "मग चल लवकर. घरी पोचलो की वाचशील. तोवर दोन बिस्किटं तरी खा." बिस्किटाचा पुडा मी तिच्या हातात परत कोंबला.

सकाळ खरं तर सुंदर होती. भात कापून झालेली शेतं, त्यांच्या उरलेल्या ओलीवर टोकून पेरलेले वाल, लाकडी माचावर रचलेला पेंढा, आणि समोर सह्याद्रीची निळी रांग. कल्पना उत्साहाने एकेक दाखवत होती. मला काही म्हणता काही दिसत नव्हतं. सायकलीची सीट टोचत होती, गिअर बदलायला गेलं की चेन कुरकुरत होती, आणि तो सगळा उतार म्हणजे चढच होता. किन्हवली मागे पडलं तेव्हा मी विचारलं, "अजून किती?" ती म्हणाली, "आलंच की." पुढच्या वळणावर विचारलं, तरी "आलंच." तिसऱ्यांदा मात्र माझा तोल गेला. जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तुला मूल नाही ना, म्हणून कळत नाही तुला. माझ्या लेकीला काही झालं तर ते तुझ्यामुळे."

कल्पना थांबली. माझ्याकडे एकदा बघितलं, मग पायडल मारून निघून गेली. वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

मी तशीच चढ चढत राहिले. राग होता तोवर पाय चालले. मग हात थरथरायला लागले, घाम फुटला, रस्ता पुढे सरकायच्या ऐवजी वर खाली हलायला लागला. हे साखर उतरल्याचं लक्षण आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. खिशात लिमलेटची गोळी, बिस्कीट काही नव्हतं. थांबून उतरावं म्हणून पाय टेकवायला गेले, तो टेकलाच नाही. सायकलीसकट बांधावरून खाली शेतात पडले. लागलं फारसं नाही. पण उठवेना. तोंडातून आवाज निघेना. आकाशाकडे बघत मनात म्हणत होते, महाराज, आज सत्ताविसावा दिवस आहे, आजचा दिवस जाऊ देऊ नका. जीव वाचवा, असं सुचलंच नाही मला. माझं सगळं लक्ष त्या खुणेवर होतं.

तेवढ्यात डोक्याशी कुणीतरी उभं राहिलं. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली, हातात वालाच्या शेंगांची टोपली घेतलेली एक म्हातारी. ती घाबरली नाही. तिने कपाळाला हात लावला आणि मला रागावली.

"किती उशीर केलास गो बाय! मी सकाळपासनं उपाशी हाय."

मला वाटलं, भोवळीत काहीतरी भलतंच ऐकू येतंय.

तिचं घर वीस पावलांवर होतं. काखेत हात घालून तिने मला उठवलं, अंगणात घोंगडीवर बसवलं. चुलीवरून काळा चहा आणला, गुळाचा मोठा खडा आणला, आणि टोपलीखाली झाकून ठेवलेली एक तांदळाची भाकरी वालाच्या भाजीबरोबर माझ्यापुढे ठेवली. भाकरी गार झालेली होती, सकाळचीच असणार.

"खा."

मी मान हलवली. कसंबसं म्हटलं, "पोथी वाचल्याशिवाय मी खात नाही. नेम आहे माझा."

"मंग वाच."

"पोथी टेम्पोतून पुढे गेलीय."

"मंग काय टेम्पो खाईल तुझी भाकरी?" ती खरोखरच चिडली होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माजा पन नेम हाय. पयली भाकरी आपली नाय. कोन येल त्याची. कोन नाय आला त कुत्र्याची, नायतर कावळ्याची. आज कुत्रा फिरकला नाय, कावळा बसला नाय. मना कळला, कोनतरी वाटेत हाय. तवाधरना झाकून बसलेय. पोटात आग पडली माझ्या, आनि तू आता नको बोलतेस?"

माझ्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं, तरी मनात वैताग आलाच. मी इथे मरायला टेकलेय आणि हिचा नेम मध्ये कुठून आला, असं वाटलं. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. आवाज जरा खाली आणून तिने विचारलं, "काय लिवलाय त्या पोथीत?"

"दत्तमहाराजांच्या गोष्टी. ते रानावनात राहतात. दुपारी गावात भिक्षेला जातात."

"मंग कोन वाढतो त्यांना?"

"ज्याच्या दारात जातील तो."

"आनि ते नको बोलतात?"

इतकी वर्षं मी ती पोथी वाचत आले आहे, त्यातली अर्धीअधिक पाठ आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तरीही हात पुढे जाईना. हे मी लपवणार नाही. भाकरीचा तुकडा मोडला आणि तो बोटांत धरूनच मला रडू फुटलं. लेकीचं सगळं तिला सांगितलं. आधीची दोन, आत्ताचं हे, कॅलेंडरवरच्या खुणा. आज खाल्लं तर ते बाळ जाईल, असं वाटतं, हेही सांगितलं. हे वाक्य मी त्याआधी कुणापुढे, देवापुढेसुद्धा, उच्चारलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मलाच ते भयंकर वाटलं.

तिने टोपलीतल्या शेंगा सोलायला घेतल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माजी पाच झाली. तीन राहिली. दोन गेली, ती कोनच्या खान्यापिन्याने गेली नाय गो. देव काय आपल्या ताटात बघत बसलाय?" एवढं बोलून तिने गुळाचा खडा स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला. लहान मुलाला औषध देतात तसा.

मी खाल्लं. गार भाकरी, वालाची भाजी, गूळ. माझा पहिला घास पोटात गेल्याचं बघितलं तेव्हाच तिने आपली भाकरी घेतली. आम्ही दोघी जेवलो. हळूहळू हातांची थरथर थांबली, डोंगर जागच्या जागी आले. कसला प्रकाश दिसला नाही, कानांवर कसला नाद आला नाही. पण गेल्या कितीतरी महिन्यांपासून छातीवर जे बसलेलं होतं, ते त्या अंगणात कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं. भिंतीला टेकून मी चक्क झोपले.

जाग आली ती कल्पनाच्या रडण्याने. मी मागून येत नाही म्हणून ती परत फिरली होती, शेतात पडलेली सायकल दिसली आणि तिचं धाबं दणाणलं. मला कवटाळून म्हणत होती, "रागाने गेले गं, तुला अशी सोडून गेले." मी तिची माफी मागितली. ते मूल नसण्याचं वाक्य परत घेता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मागितली. ती म्हणाली, "असू दे. बॅग टाकली ती चूक माझीच." मग डोळे पुसत म्हणाली, "आता खरंच जवळ आलंय हां." आणि आम्ही दोघीही हसत सुटलो. म्हातारी आमच्याकडे वेड्या बायकांकडे बघावं तशी बघत होती.

गावी पोचल्यावर देवघरासमोर बसून मी अध्याय वाचला. त्यात भिक्षेचा प्रसंग होता असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं काही नव्हतं. साधाच अध्याय होता. फक्त त्या दिवशी वाचताना मी काही मागितलं नाही. पुढचे दोन दिवस आम्ही मनसोक्त भटकलो. बंधाऱ्याच्या गार पाण्यात पाय बुडवून बसलो, सायकलीवरून धसईच्या बाजाराला गेलो, म्हशाच्या जत्रेत बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा बघत हिंडलो. मुलीला मी दिवसातून एकच फोन केला आणि पोटाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

परतताना मी दादांना टेम्पो त्या चढावर थांबवायला लावला. म्हातारीसाठी जत्रेतून एक घोंगडी घेतली होती. ती अंगणातच होती. मी वाकून नमस्कार केला, घोंगडी पुढे धरली.

"कोन गो तू?" तिने डोळे बारीक करून विचारलं.

मी भाकरीची आठवण करून दिली. पोथीची, टेम्पोची. तिला काही आठवेना. शेवटी हात झटकून म्हणाली, "रोज कोन ना कोन येतो, बाय. कोनकोन ध्यानात ठेवू?" घोंगडी मात्र तिने ठेवून घेतली, आणि पाणी प्यायल्याशिवाय आम्हाला हलू दिलं नाही.

आधी मला जरा वाईट वाटलं. माझ्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि तिच्या लेखी तो नेहमीचाच. पण टेम्पोत बसल्यावर वाटलं, बरंच झालं. तिने लक्षात ठेवलं असतं तर मी तिचीही ऋणी होऊन बसले असते, तिच्याशीही हिशेब सुरू केला असता.

मुलगी आठव्या महिन्यातच बाळंत झाली, घाईघाईने, ऑपरेशन करून. बाळ इवलंसं होतं, अकरा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. कॅलेंडरवर खुणा करणं मी त्या भाकरीनंतर सोडून दिलं होतं. त्या अकरा दिवसांत हॉस्पिटलच्या बाकावर बसताना माझ्याकडे देवाला दाखवायला एकही खूण नव्हती. किती वाचलं, किती उपास केले, काही आठवायचं नाही असं ठरवलं होतं. भीती होतीच, ती गेली असं मी म्हणणार नाही. पण महाराजांना एवढंच म्हणायचे, तुमच्या दारात बसलेय, जे वाढाल ते घेईन. आणि जावईबापूंनी डबा आणला की मी मुकाट्याने जेवत होते.

नात आता दहा महिन्यांची आहे. घरभर रांगते, हाती लागेल ते तोंडात घालते आणि तिच्यामागे धावताना माझा जीव मेटाकुटीला येतो. पोथी मी अजून रोज वाचते. कधी सकाळी, कधी तिला झोपवून दुपारी. त्याआधी भूक लागली तर जेवून घेते. फक्त भाकऱ्या थापताना पहिली बाजूला काढून ठेवते, आणि कामवाली येईपर्यंत, वॉचमनकाका फिरकेपर्यंत, कुणीतरी येईपर्यंत वाट बघते. एखाद्या दिवशी बराच उशीर होतो. तेव्हा भुकेने मी चांगलीच वैतागते.