साहेबाच्या पणजोबांचा चेला

इकडे आखातात, जुफैरमध्ये मी ज्या अमेरिकन साहेबाची गाडी चालवतो, त्याचे पणजोबा सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडच्या एका कॉलेजात फुटबॉलचे कोच होते. त्यांचा फुटबॉल हातात धरून पळायचा. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगावर पॅड नाहीत. पणजोबा पोरांना हातात हात अडकवून उभं करायचे आणि अख्खी रांग समोरच्या एकाच गड्यावर घालायचे. नाकं फुटायची, बरगड्या मोडायच्या. मोडलेलं बोट काटकीला बांधून ते पोराला परत आत ढकलायचे. एकदा एक पोरगा मान मोडून मेला. पणजोबांनी पुढच्या आठवड्याचा सामना खेळवला, जिंकला आणि त्यानंतर वीस वर्षं कोच राहिले. साहेब हे कौतुकानं सांगायचा. खोटं कशाला बोलू, मला तो म्हातारा फार आवडला.

कारण शुक्रवारी सकाळी सनद भागातल्या मोकळ्या जागेत मीही कोचच असायचो. आमचा कबड्डीचा संघ, सगळे रत्नागिरीकडचे कामगार. पणजोबांचं ऐकल्यापासून मी जास्तच चेकाळलो. जो ढिला पडेल त्याच्या कानाखाली जाळ काढायचो. चढाईवाल्यावर पाच-पाच जणांची साखळी घालायचो, सरावातसुद्धा.

अशाच एका सरावात आमचा सगळ्यात चांगला चढाईवाला साखळीखाली सापडला. सित्र्याला एका कंपनीत उंच पाइपांवर चढून परांची बांधणारा गडी. उठला तेव्हा त्याचा उजवा खांदा निखळून पुढे आला होता.

"दादा, हॉस्पिटल नको," तो म्हणाला. "कंपनीला कळला तर अनफिट करतील, व्हिसा खलास. तुम्हीच बसवा."

गावी माझा चुलता हाडं बसवायचा. लहानपणी मी बघितलं होतं, तेवढंच माझं शिक्षण. दोघांना त्याच्या छातीवर बसवलं, त्याच्या तोंडात टॉवेल कोंबला, काखेत टाच रोवली आणि हात ओढला. तो गुरासारखा ओरडला. मी आणखी जोरात ओढला. कट्‌कन आवाज आला.

"बसला," मी म्हणालो. मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी त्याला पाइप उचलेना. शेवटी मीच गाडीत घालून त्याला हॉस्पिटलात नेलं. एक्स-रे बघून डॉक्टर इंग्रजीत माझ्यावरच ओरडला, खांदा नुसता निखळला होता, हाड मोडलंय ते ओढणाऱ्यानं. चढाईवाल्याला इंग्रजी येत नव्हतं.

"काय म्हणतो?" त्यानं विचारलं.

"पडतानाच मोडलंय म्हणे," मी सांगितलं.

महिन्याभरात कंपनीनं त्याला अनफिट करून घरी पाठवलं. मी कोचगिरी सोडली, पण खरं सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

परवा त्याचा फोन आला. हात खांद्याच्या वर जात नाही, केससुद्धा बायको विंचरते.

"दादा, तेव्हा नीट बसला नसंल," तो म्हणाला. "सुट्टीवर याल तेव्हा परत एकदा ओढून बघाल काय?"