पहिली बादली

सोलरचं पाणी तापेना झालं तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायच्या बरीच अलीकडं. आज बहात्तरीत बसून त्या बाईकडं बघते तेव्हा तिचा कान धरून चांगला पिरगाळावासा वाटतो.

मालक श्रावणात गेले. कळंबच्या मोंढ्यात, धान्याच्या अडतीच्या दुकानी, त्यांनी हयातभर दिवाणजीचं काम केलं होतं. तेरावं झालं आणि पुण्याचा मुलगा म्हणाला, "आई, चल आता." मी म्हणाले, न्हाय. दोन दिवस घोळ चालला. शेवटी त्यानं अट घातली, "हा एक हिवाळा एकटी राहून दाखव. काही अडलं, आजारी पडलीस, तर कुलूप लावायचं आणि निघायचं. मग कुरकुर चालणार नाही."

"लाव पैज," मी म्हणाले.

घर म्हणजे तरी काय, तीन खोल्या, वर गच्ची आणि पार मागं न्हाणी. पण इथं अंधारातही माझा हात बरोबर मिठाच्या बरणीवर पडतो. पुण्यात मला पाण्याचा पेला कुठं ठेवलाय ते सुनेला विचारावं लागतं. ती बिचारी गोड बोलून काढून देते. तेच मला सोसत नाही.

उकाड्यात नळाला येईल त्या पाण्यावर भागत होतं. दिवाळी सरली, थंडी पडली आणि न्हाणीतल्या गरम नळाला गार पाणी यायला लागलं. कोमटसुद्धा नाही.

शहाण्या बाईनं मुलाला सांगितलं असतं. मला सांगायची सोय नव्हती, पैज होती ना! गॅसवर तापवावं, तर सिलिंडर मुलगाच पुण्यातून मोबाइलवर बुक करायचा. लवकर संपला की त्याला कळणारच. राहिला तांब्याचा बंब. तो मी सोलर आलं त्याच आठवड्यात मोडीत घातला होता, "आता कोण धूर गिळतंय बाई," असं गल्लीभर मिरवत.

मग दुरुस्ती मीच हाती घेतली. गच्चीवर जाऊन टाकीला हात लावला, गार. काचेच्या नळ्यांना लावला, त्याही गार. उन्हात माझं डोकं तापलं तरी ते यंत्र आपलं थंड. झालं, रोग सापडला! दसऱ्याला मी त्या नळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, त्यामुळंच ऊन आत शिरत नसणार. तांब्याची भांडी चिंचेनं लखलखतात हा माझा चाळीस वर्षांचा अभ्यास, म्हणून नळ्याही चिंचेनं घासल्या. दुपारपर्यंत त्या चिकट काचांवर मोंढ्याकडची सगळी धूळ येऊन बसली. दुसरा दिवस ती धुण्यात गेला आणि तिसरा गुडघ्यांना तेल चोळण्यात.

पाणी गारच.

तरी मी हार मानली नाही. पहाटे नळ सोडायचा, बोट लावायचं, गार लागलं की लगेच बंद करायचा. आमच्याकडं गावच्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. इथं नळ नुसता वाहू देणारी बाई म्हणजे घर बुडवणारी. म्हणून बंद करून थांबायचं. चुलीवरच्या पातेल्याला देतो तसा पाण्याला तापायला वेळ द्यायचा. मग परत नळ, परत बोट. असं चार-पाच वेळा झालं की तेवढ्यात जमलेलं अर्धी बादली गार पाणी अंगावर ओतून घ्यायचं. पहिल्या तांब्याला देवाचं नाव तोंडात यायचं, दुसऱ्याला जे यायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आठ वाजता मुलाचा फोन.

"आई, पाणी येतंय ना गरम?"

"चटके बसतात बाबा. विसण घ्यावं लागतं."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"फोडणी दिलीय. ठसका लागला."

सकाळच्या आठला रोज कसली फोडणी, हे त्यानं महिनाभर विचारलं नाही. मग एक दिवस म्हणाला, "ठसका लई दिवस टिकला तुझा. रविवारी येतो मी." येणार, रात्री राहणार, सकाळी न्हाणीत जाणार. आणि तिथंच माझं घर जाणार.

मागच्या गल्लीत बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री राहतो. शुक्रवारी त्याला बोलावलं. मुलाला कळता कामा नये, हे आधी बजावलं. तो पान्हा घेऊन गच्चीवर गेला, मी मागोमाग.

"मावशी, ह्या नळ्या अशा आंबूस कशानं वास मारायल्यात?"

"तू तुझं काम कर."

त्यानं टाकीच्या खालचं झाकण जरासं सैल केलं. भस्सकन वाफ आली. तो मागं सरकला.

"पानी उकळायलंय की ह्येच्यात!"

"मग टाकी गार कशी?"

"थर्मास बाहेरून गरम लागतो का? ही बी तसलीच हाय. चला खाली."

न्हाणीत येऊन त्यानं गरम नळ पुरा सोडला आणि हात बांधून उभा राहिला. पाणी धो धो बादलीत पडायला लागलं.

"अरे, बंद कर! पाणी चाललंय!"

"जाऊ द्या."

"जाऊ द्या काय? तुझ्या घरचं आहे का?"

बादली काठोकाठ भरली. त्यानं दुसरी सरकवली. तिच्या तळाशी पाणी पडलं आणि वाफ वर आली. मी बोट घातलं, भाजलं.

"पाइप केवढा लांब हाय बघा. गच्चीवरनं पार मागच्या न्हानीपतोर. रातभर त्येच्यात गारठलेलं पानी आधी निघल, मंग गरम यील. एक बादली तर जातीच." तो पान्हा पुसत म्हणाला, "सा वर्सं झाली म्हनं सोलरला. आजपतोर कसं चाललं? तुमच्या आधी कोन आंगुळ करायचं घरात?"

त्याला चहा दिला. तो गेला.

माझ्या आधी मालक करायचे. रोज, पहाटे. नोकरी सुटल्यावरही. मी न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहून ओरडायची, "सगळं गरम पाणी एकटेच संपवा! बायकोनं मेलीनं उरलंसुरलं घ्यायचं!" आतून उत्तर यायचं, "मला घाई आहे." रिटायर माणसाला कसली घाई? पारावर पेपर यायच्या आधी जाऊन बसायची? हे मी चारचौघींत सांगून हसायची. मग मी आत जायची. नळ सोडला की पाणी कढत, आणि मी मनात म्हणायची, बघा, आपण ओरडलो म्हणून उरलं.

सहा वर्षं तो माणूस पहिली गार बादली अंगावर घेत होता. त्यांना ठाऊक होतं का? की त्यांनाही वाटायचं, सोलर म्हणजे एवढंच तापणार? तसे ते न बोलणारे होते. तसे ते थोडे बावळटही होते. दोन्ही गोष्टी त्यांना शोभतात.

मुलगा रविवारी आला. सोमवारी तो उठायच्या आत मी एक बादली काढून बाजूला ठेवली. तो न्हाऊन डोकं पुसत बाहेर आला, तोंड लालबुंद.

"कडक आहे की गं पाणी! मला वाटलं होतं, तू लपवतेयस काहीतरी."

"मी कशाला लपवू?"

"बाबा एकदा फोनवर काहीतरी म्हणाले होते ह्या पाण्याबद्दल. आता आठवत नाही." तो भांग पाडत होता. "तुला काही बोलले होते का?"

सगळं विचारणं माझ्या जिभेवर आलं. काय म्हणाले, कधी म्हणाले, हसून म्हणाले का? पण तेवढं विचारलं असतं तर तो दिवाणजीचाच मुलगा, धागा धरून ठसक्यापर्यंत पोचला असता आणि दुपारी मी गाडीत असते.

"काही नाही," मी म्हणाले. "पोहे गार होतायत."

तो पोटभर जेवून निघाला. निघताना म्हणाला, "बरं, राहा मग." गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात हात हलवत होते. घर माझं राहिलं होतं. आत आले, तर न्हाणीत ती बाजूला काढलेली बादली तशीच भरलेली होती. ओतून द्यायची तर आमच्यात पद्धत नाही. कपडे भिजवायचे, तर माझ्या एकटीचे ते किती, दोन लुगडी. बराच वेळ मी पाटावर बसून तिच्याकडं बघत राहिले.