पाखरांचा पाहुणचार

मला पाखरं आवडत नाहीत. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला पक्षीमित्र वगैरे म्हणायला नको. आमच्या कडाव गावात ज्याच्या चार खाचरांत भात उभं आहे त्याला पाखरं आवडतील कशी? भात दुधात आलं की ही फौज उतरते, दाणा न् दाणा चोखते आणि मागं नुसतं फोल ठेवते.

तरी गेल्या वर्षी त्यांना माझ्याच अंगणात जेवू घालायची पाळी आली. गणपती गेले आणि बायकोच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, वाचा बसली. डॉक्टर म्हणाले, हाताचं बघू, पण आधी त्यांना बोलतं करा. कसं करणार? जिच्या तोंडाचा पट्टा जन्मात कधी थांबला नव्हता ती भिंतीकडं बघत पडून राहायची. मी काही विचारलं की डोळे मिटून घ्यायची. घर खायला उठलं होतं.

मुलगी पनवेलला असते. तिनं मोबाइलवर कुठंतरी बघून एक फीडर मागवून दिला. दाणे भरायची प्लॅस्टिकची नळी आणि खाली बशी.

"आईच्या खिडकीसमोर टांगा. पाखरं बघून तिला बरं वाटेल."

"तुझ्या आईला? पाखरं बघून? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"बाबा, तुम्ही टांगा फक्त."

टांगला पेरूच्या फांदीला. बाजरी भरली, खाली परातीत पाणी ठेवलं. सुरुवातीला कुणी फिरकेना. फुकटचं खायला बोलवा, तर यांना भाव हवा. मग चिमण्या आल्या, भातावर पडतात ती बारकी तपकिरी पाखरं आली आणि शेवटी पोपट. पोपट खातात कमी आणि सांडतात जास्त. माझी अंगणातली खुर्ची त्यांनी घाण करून टाकली. रोज वाटायचं, उचलावा दगड. पण बायकोनं भिंत सोडून खिडकीकडं मान वळवली होती. दिवसभर त्यांच्याकडं टक लावून बघायची. मुलगी फोनवर म्हणाली, आई रमली. मलाही तसंच वाटलं, म्हणून दात-ओठ खात दाणे ओतत राहिलो.

खिडकीपलीकडं आमची खाचरं. मी साजगावच्या कारखान्यात पाळ्या करायचो तेव्हा ती तिनंच सांभाळली. त्या वर्षी ती अंथरुणावर, म्हणून उभं पीक चुलतभावाला वाट्यानं सांभाळायला दिलं होतं. दसऱ्याच्या सुमारास तो तणतणत आला.

"आरं, तुला अक्कल हाय का नाय? तू इकडं दाणं टाकतोस आन् सगळा थवा माज्या भातावर उतरतोय. काढ ते."

"नाय काढनार."

"भात गेलं तर खाशील काय?"

"माती खाईन. ती तेवढंच बगते दिवसभर. तुज्या भाताचं काय वाट्टेल ते होवो."

तो सरळ पेरूकडं निघाला. मी त्याची कॉलर धरली, त्यानं माझी. दोघंही साठीच्या पुढचे, दोघांनाही दम लागलेला. डोक्यावर पाखरं आरामात जेवत होती.

"हाऽ हुर्रर! मेल्यांनो, मुडदा बशिवला तुमचा!"

खिडकीतून आवाज आला. बायको डाव्या कोपरावर अर्धी उठली होती. तोंड लालबुंद, डोळे पाखरांवर. रमली कसली? इतके दिवस ती आतल्या आत जळत होती. तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या भाताच्या उशाशी, तिचाच नवरा चोरांना पोसत होता.

मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"बगता काय नुस्ते? हाकला."

चुलतभावानं माझी कॉलर सोडली. मला त्याच्यासमोरच रडू फुटलं. ती परत उशीवर पडली आणि संध्याकाळपर्यंत हूं की चूं केलं नाही. कितीही विनवलं तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळी काठोकाठ भरली. पाखरं आली आणि तिनं अडखळत अडखळत त्यांचा उद्धार केला. तेव्हापासून रोज हेच चाललंय. चुलतभावानं भातावर चमकत्या पट्ट्या बांधल्या. माझ्याशी तो अजून धड बोलत नाही, तर न बोलो. बायको मात्र आता मलाही सोडत नाही. काल मी बाजरीचा डबा घेऊन पेरूखाली गेलो, तर म्हणाली, "तुमाला जराबी लाज नाय वाटत?"

अख्खं वाक्य, कुठं न अडखळता.

"नाय वाटत," मी म्हटलं आणि आणखी एक ओंजळ बशीत ओतली.