उत्तरसूचीत मिरची नाही

हैदराबादेत मी एक विचित्र नोकरी करते. विद्यापीठाच्या कॉलेजांत हवामान बदल शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे धडे ताजे ठेवायचे. विज्ञान पुढे सरकलं की त्यांच्या स्लाइड्स बदलून द्यायच्या, समजावून सांगायच्या. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मास्तरांची शिकवणी?" मी चिडले, पण तिचं काही चुकलं नव्हतं.

आबिड्सजवळच्या एका कॉलेजातले सर माझे सगळ्यात लाडके. पन्नाशी उलटलेले, घरी तेलुगू, माझ्याशी दखनी, आणि विचारायला कधी न लाजणारे. त्यांच्या जुन्या स्लाइडवर होतं, 'एखाद्या विशिष्ट अतिवृष्टीचा संबंध हवामान बदलाशी जोडता येत नाही.' मी म्हटलं, सर, आता तसं राहिलं नाही. काही घटनांच्या बाबतीत तापलेल्या हवेनं त्यांची शक्यता किती वाढवली, याचा अंदाज बांधता येतो. हे मुलांच्या गळी कसं उतरवायचं, यावर आमचा चहावर चहा झाला. शेवटी मिरची सुचली. डाळीत मिरची जास्त पडली की झोंबणारे घास वाढतात. मग एखादा घास झोंबला, तर त्यात त्या जादा मिरचीचा हात किती, हे ताडता येतं. सर इतके खूश झाले की बेगम बाजारातल्या मिरचीच्या ढिगाचा फोटोच त्यांनी स्लाइडवर टाकला.

मग एप्रिल आला आणि पेपर तपासण्याची सक्ती. मी कंत्राटी, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. एका मोठ्या हॉलमध्ये बसवतात, मोबाइल दारातच जमा, संध्याकाळपर्यंत सुटका नाही. पंखे गरम हवाच ढवळत असतात. प्रत्येक टेबलावर उत्तरसूची, सगळे तिला 'की' म्हणतात. तिच्यात असेल त्याला गुण, नसेल त्याला शून्य.

प्रश्न नेमका तोच आला होता, आणि सूचीत जुनंच वाक्य होतं. अभ्यासक्रम मंडळानं ते बदललंच नव्हतं. माझी धाव स्लाइडपर्यंत, मंडळात मला कोण विचारतो?

गठ्ठा उघडला तर पहिल्याच पेपरात डाळ, दुसऱ्यात मिरची. पेपरांवर नावं नसतात, पण वर्ग कुणाचा हे मला कळायचं ते कळलं. एकात तर कुकटपल्लीतल्या गल्लीत शिरलेल्या पाण्याचं वर्णन होतं, आणि खाली सावधपणे लिहिलेलं, 'या पावसाचा असा अभ्यास कुणी केला आहे का, मला माहीत नाही.' इतकं प्रामाणिक वाक्य मी प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकलेलं नाही. मी पूर्ण गुण दिले.

मुख्य परीक्षक फिरत आले. "मॅडम, ये की में नै है ना?"

"सर, की गलत है."

"हौ, हुइंगी गलत. मगर बाकी टेबलां पे सब काट डाले. तुमारे गठ्ठे के बच्चोंकूच मार्क देना क्या?"

माणूस वाईट असता तर भांडले तरी असते. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं, याचाच संताप झाला. मी गुण खोडेपर्यंत ते शेजारी उभे राहिले. मी खोडले. राग इतका होता की रेघ वाकडी गेली. उठून चालू पडावंसं वाटलं आणि मी पुढचा पेपर ओढला.

जूनमध्ये सरांचा फोन आला. वर्गातली एक मुलगी थोडक्या गुणांनी नापास झाली होती. पुरवणी परीक्षेतही नापास झाली, तर वर्ष वाया. गल्लीतल्या पाण्याबद्दल लिहिलं होतं, असं ती म्हणत होती.

"बच्ची पूछी, मेरा गलत क्या था? मैं बोला, कुछ नै. तो पूछी, फिर अब क्या लिखूँ?" मग सरांनी विचारलं, "मॅडम, वो पुराना जवाब क्या था? मेरे पास तो अब नै है."

मी ते वाक्य सांगितलं.

"आहिस्ते बोलो मॅडम," सर म्हणाले, "लिखरूँ."

मी पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.