पाचव्या मजल्यावरच्या कोठ्या

आमच्या शेजाऱ्यांना मी उष्मापंत म्हणते. तेही तोंडावर. दोन घरांत एकच भिंत, आणि ती इतकी पातळ की त्यांनी तिकडे शिंकावं आणि मी इकडून ‘शतायुषी व्हा’ म्हणावं.

पंतांचा धंदा असा, की इमारत उभी राहण्याआधी ते ती कॉम्प्युटरात बांधतात. तिथे सूर्य उगवतो, माणसं वेळापत्रकाप्रमाणे येतात-जातात, एसी चालतो आणि वर्षाचे आठ हजार सातशे साठ तास दहा मिनिटांत उरकतात. याला म्हणायचं एनर्जी मॉडेल. हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं असेल, तर ही कॉम्प्युटरातली इमारत तिच्या साध्यासुध्या जुळ्या बहिणीपेक्षा कमी वीज खाणारी निघावी लागते. शिवाय खोल्या ठरल्याइतक्या थंड राहत नाहीत असे तास वर्षात तीनशेच्या वर जाता कामा नयेत. पंत त्यांना ‘नापास तास’ म्हणतात.

“आमच्याकडे सासूबाई राहायला आल्या की आठवड्यात तीनशे भरतात,” मी म्हणाले होते. पंत हसले नाहीत. त्या दिवसांत ते एका वृद्धाश्रमाच्या मॉडेलमध्ये अडकले होते. नापास तास तीनशे एक्केचाळीसवर हटून बसलेले. सगळा दोष पाचव्या मजल्यावरच्या पश्चिमेकडल्या बारा खोल्यांचा.

एके दिवशी भिंतीपलीकडून शीळ ऐकू आली. मी लगेच वाटी घेऊन साखर मागायला गेले. घरात साखर होती, पण चौकशीला निमित्त नको?

“बसलं एकदाचं!” पंत म्हणाले. “दोनशे ऐंशी.”

“काय जादू केलीत?”

“जादू कसली. यादीत त्या बारा ठिकाणी ‘खोली’ होतं, तिथे ‘कोठी’ केलं. आर्किटेक्टचा माणूस म्हणाला, वर सामानच राहील. कोठीत माणूस नाही, म्हणजे एसी नाही, म्हणजे नापास व्हायला तासही नाहीत.”

“आणि उद्या तिथे माणसं ठेवली तर?”

“वहिनी, तुम्ही साखर घ्या.”

प्रमाणपत्र मिळालं. एसीची यंत्रंही त्याच यादीवरून आली.

दीड वर्षानं पंतांच्या आई, म्हणजे माझ्या मावशी, पडल्या, खुबा मोडला. चोवीस तास माणूस हवं झालं, आणि घरी सगळे नोकरीवर. त्या वृद्धाश्रमात जागा मिळाली, तीही ‘आपल्या साहेबांची आई’ म्हणून खास. थंडीचे दिवस होते. मी उशा घेऊन सोबत गेले. दारात हिरवी पाटी चकाकत होती. लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली तेव्हा पंतांच्या हातातली पिशवी खाली पडली.

पाचशे सात. भिंतभर काच, न उघडणारी. सोनेरी ऊन थेट पलंगावर.

“किती छान ऊब आहे रे!” मावशी म्हणाल्या.

पंत छताकडे बघत होते. गार हवा यायची जाळी तिथे नव्हतीच. मग त्यांनी काचेवर तळहात ठेवला.

“काय पंत, काचेची नाडी बघताय?” मी चिडवलं.

“ही कोठी आहे,” ते पुटपुटले.

मावशींचे कान अजून तिखट. “मग बरोबर जागी आणलंस. मीही जुनं सामानच.”

आम्ही दोघी हसलो. जिन्यात मात्र मी पंतांना गाठलं. “बाकीच्या अकरा खोल्यांत कोण आहे?”

“भरल्यात.”

“मग कळवा ना आश्रमवाल्यांना!”

“कळवतो. उन्हाळ्याला अजून वेळ आहे.”

वीस दिवसांनी त्यांनी आईला घरी आणलं, रजा टाकून. पत्र काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर प्रमाणपत्र गेलं असतं, आणि पंतांचं नावही. भिंतीपलीकडे कॉम्प्युटरात तेच वर्ष पुन्हा पुन्हा चालायचं, या वेळी ‘खोली’ लिहून. आकडा किती आला, ते मात्र त्यांनी मला सांगितलं नाही. एरवी न विचारता सांगणारा माणूस!

पाचशे आठमधल्या निवृत्त मास्तरीणबाई मावशींच्या मैत्रीण झाल्या होत्या. रोज दुपारी चारला त्यांचा फोन. आधी गप्पा रंगायच्या. मग बाई म्हणू लागल्या, पलंग भिंतीकडे सरकवलाय. मग, काचेला चादर लावलीय. काल म्हणाल्या, लोखंडी कडीचा चटका बसतो. उन्हाळा नुकता लागत होता.

आज फोन आला तेव्हा मी पंतांच्या घरीच बसले होते. दोन मिनिटांत मावशींनी फोन पंतांपुढे धरला. “तूच सांग बाबा. ती विचारतेय, सगळ्या इमारतीला थंड म्हणतात, मग मलाच का उकडतं? माझंच वय झालं का?”

पंतांनी फोन कानाला लावला. मग म्हणाले, “बाई, तुमचं काही चुकलेलं नाही. खाली या. त्या ओळीतल्या सगळ्यांना घेऊन खाली या. आत्ता.”

फोनमधला आवाज खोलीभर ऐकू आला. “उठलं की भोवळ येते रे, बाळा. आणि शेजारचे आजोबा सकाळपासून दार उघडत नाहीयेत.”

पंत उठले. गडबडीत माझ्या चपला पायात अडकवून जिना उतरले. मी हाक मारली नाही.