दहिवरातला कापूस

कार्तिकातल्या पहाटे वऱ्हाडच्या काळ्या रानाला एक ओलसर, मंद गंध असतो. अजूनही कुठे कपाशीची ओली पऱ्हाटी हुंगली की अमरावतीच्या बाजारातला कडुलिंबाचा पार आणि माझ्या हातातलं, मुंबईहून टपालाने आलेलं वर्तमानपत्र डोळ्यांपुढे उभं राहतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि शाळेचा मास्तर म्हणून दर आठवड्याला ते पत्र बाजारात वाचून दाखवण्याचा मान माझा होता. मान कसला, हौसच. साध्या बातमीलाही मी कीर्तनकारासारखे चढउतार देत असे.

त्या दिवशी बातमी जवळच्याच तिवसा गावची होती. कुणा प्रवासी बातमीदाराने उजाडताना बायकांना ओला कापूस वेचताना पाहिलं, आणि वजन वाढवण्यासाठी तिवशाचे लोक कापूस भिजवतात, असं बिनदिक्कत लिहून टाकलं. मी ते रंगवून वाचलं, लोक हसले, आणि दुपारपर्यंत तिवशाच्या एकाही गाडीला कुणी व्यापारी हात लावेना.

त्यातली एक गाडी सखूबाईंची होती. नवऱ्यामागे एकटीने शेत राखणाऱ्या या बाई पारापाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, वाळल्या पाल्याचा चुरा कापसाले चिकटू नये म्हणून आमी पहाटंच्या दहिवरात, पाला दवानं नरम असते तवाच वेचतो, मंग दोन दिस अंगणात वाळवतो. त्यानं इचारलं काय कोणाले? अन् तुमी तरी काहून नाही इचारलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच बसून त्यांचं म्हणणं त्यांच्याच क्रमाने लिहून काढलं, खाली त्यांचं नाव घातलं, सोबत त्यांच्या कापसाची पुरचुंडी बांधली आणि सारं संपादकांकडे धाडलं. सखूबाई भरली गाडी घेऊन घरी परतल्या.

पंधरा दिवसांनी सखूबाईंचं ते म्हणणं छापून आलं. तिवशाच्या गाड्या पुन्हा बाजारात उभ्या होत्या. मी वाचत गेलो तसतशी माणसं त्यांच्याकडे वळू लागली. एका अडत्याने सखूबाईंच्या गाडीतला मूठभर कापूस उचलला, दाबला, गालाला लावून कोरडा असल्याची खात्री केली आणि भाव बोलला. दुसरा त्याच्यावर चढा बोलला. मी आवाज आणखी चढवला.

शेवटच्या ओळीवर मात्र मी अडखळलो. तिथे छापलं होतं, 'वऱ्हाडातील एका जाणकार गृहस्थाकडून.' समोर सखूबाई पदर सावरून उभ्या होत्या. कागदावर नसलेलं नाव मी खणखणीत आवाजात वाचलं: सखूबाई, मुक्काम तिवसा.

त्यांना अक्षरओळख नव्हती. तो अंक त्यांनी माझ्याकडून मागून घेतला आणि कपाळाला लावला. त्यांच्या देव्हाऱ्यात तो अजूनही घडी करून ठेवलेला असेल; त्यातली खरी बातमी कोणती, छापलेली की वाचलेली, हे मला आजही सांगता येत नाही.